नक्षीमागील रेघा

गेल्या दिवाळीच्या सुमारास पुण्यातील आमच्या एका स्नेह्यांच्या नव्या घरी जाण्याचा योग आला. दिवाणखाना व जेवणघर यांच्यामध्ये त्यांनी एक जाळीदार पडदी उभी केली होती. पातळ तक्ता यंत्राने कापून त्यात आठ टोकांचे तारे काढलेले, आणि वर पांढरा रंग. खिडकीच्या पडद्यांवर तोच तारा, उशांच्या अभ्र्यांवर तोच, आणि ज्या तबकातून चहा आला त्यावरही तोच. "सगळे मोगल पद्धतीचे करून घेतले आहे," असे आमच्या स्नेह्यांनी कौतुकाने सांगितले. त्यांच्या सूनबाई मात्र थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "काका, जाळीला सगळे छान म्हणतात, पण तिच्याकडे पाहिले की काहीतरी तुटल्यासारखे वाटते. काय ते मला सांगता येत नाही."

आम्ही उठून जवळून पाहिले. पडदीच्या उजव्या कडेला प्रत्येक तारा एकतृतीयांशावर कापला गेला होता, आणि वरच्या कडेला तर केवळ त्याची टोके उरली होती. कापणाराने भिंतीतील जागा मोजली होती. ताऱ्यांतील अंतर मोजले नव्हते. जुन्या कामात असे सहसा आढळत नाही. तेथे चौकटीची कड बहुधा ताऱ्याच्या मध्यातून जाते. त्यामुळे कडेला अर्धा तारा राहतो आणि चारही कोपऱ्यांत बरोबर चतुर्थांश. चौकट संपली तरी नक्षी संपत नाही, पाहणाराचे मन ती पुढे वाढवीत नेते. सूनबाईंना जे तुटल्यासारखे वाटले ते हेच होते, आणि ते कोणी न शिकविता त्यांच्या डोळ्यांस कळले, याचे आम्हांस मोठे समाधान वाटले.

इस्लामी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नक्षीचे नवे रूप आज जगभर घराघरांत शिरत आहे. 'इस्लामी' हा शब्द आम्ही सोयीसाठीच वापरतो. ग्रानाडापासून आग्र्यापर्यंत अनेक शतके, अनेक राजवटींखाली, अनेक धर्मांच्या कारागिरांच्या हातून वाढलेल्या या कलेस एकच नाव पुरे पडत नाही. ही नक्षी मशिदींत व मकबऱ्यांतच शोभते, तिला उशीवर आणू नये, असे म्हणणारा एक पक्ष आहे. तो आम्हांस मान्य नाही. जो तारा व्यासपीठाच्या लाकडावर तोच पितळी परातीवर, जो ग्रंथाच्या बांधणीवर तोच स्नानगृहाच्या भिंतीवर, असा या नक्षीचा संसार पूर्वीपासूनच चालत आला आहे. ती घरात होतीच. तेव्हा आणावी की न आणू नये हा प्रश्न नसून, आणताना नेमके काय आणावे हा आहे.

हा प्रश्न प्रथम ज्याने कसोशीने विचारला त्याची कथा बोधप्रद आहे. १८३४ साली ओवेन जोन्स हा पंचविशीतील इंग्रज स्थपति आपला फ्रेंच सहकारी झ्यूल गुरी याच्यासह ग्रानाडा येथील अलहंब्रा राजवाड्यात नक्षी टिपण्यास बसला. त्याच वर्षी गुरी तेथेच पटकीने मरण पावला. जोन्सने ते काम तडीस नेले, आणि पुढे १८५६ साली 'अलंकाराचे व्याकरण' या अर्थाच्या नावाचा आपला प्रसिद्ध ग्रंथ काढला. त्यात शंभर रंगीत चित्रपत्रे होती, पण आरंभी सदतीस नियमही होते. अलंकार हा बांधणीच्या मागून यावा, अलंकारासाठी बांधणी रचू नये, हा त्यांतील मुख्य आग्रह. जुने नमुने उतरवून काढण्याची जी खोड त्या काळी इंग्लंडात बळावली होती तिला आळा बसावा, अशी आशाही त्याने प्रस्तावनेत व्यक्त केली. झाले ते उलटेच. भिंतीचे कागद, गालिचे व चिटे तयार करणाऱ्यांनी त्या ग्रंथाचा उपयोग नमुन्यांची वही म्हणून केला. व्याकरणातील नियम सोडून उदाहरणे तेवढी पाठ करावयाची, हा प्रकार आम्हां शिक्षकांस काही नवा नाही.

नियम कोठे दडलेला असतो हे दाखविण्याचे श्रेय ज्याला द्यावयाचे तो स्थपति नव्हता, चित्रकारही नव्हता. अर्नेस्ट हॅनबरी हँकिन हा आग्र्यास सरकारी नोकरीत असलेला जंतुशास्त्रज्ञ होता. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू तग धरीत नाहीत, हे त्याचे १८९६ चे संशोधन पुष्कळांस ऐकून ठाऊक असेल. ज्या रोगाने गुरीचा बळी घेतला त्याच रोगाच्या अभ्यासकाने गुरीचे अपुरे राहिलेले कोडे सोडवावे, हा योगायोग विलक्षण खरा. फत्तेपूर सिक्रीच्या एका हमामात गिलाव्यावर ओरखडलेल्या पुसट रेघा हँकिनला दिसल्या. त्या नक्षीच्या रेघा नव्हत्या. नक्षी काढण्यापूर्वी आखलेल्या होत्या. त्यांवरून त्याने जी रीत ताडली तिचे विवेचन पुरातत्त्व खात्याने १९२५ साली प्रसिद्ध केले. रीत अशी: प्रथम एकमेकांस कडेने भिडणारे बहुभुज आखावयाचे. मग प्रत्येक बाजूच्या मध्यबिंदूवर फुली पडेल अशा दोन रेघा ठराविक कोनात काढावयाच्या व दुसरीकडून येणाऱ्या रेघांना मिळेपर्यंत वाढवावयाच्या. शेवटी मूळचे बहुभुज पुसून टाकावयाचे. जे उरते त्यास आपण तारा म्हणतो. इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात एकशेचौदा आकृत्यांची एक जुनी गुंडाळी आहे. तिच्यातही शाईच्या रेघांखाली टोकदार हत्याराने ओढलेल्या बिनशाईच्या रेघा आढळतात.

वाचकांनी घरच्या मुलांस बरोबर घेऊन चौकटीच्या कागदावर हा प्रयोग अवश्य करून पाहावा. फुलीचा कोन थोडा बदलला की तारा रोडावतो किंवा फुगतो. षट्कोनाच्या जागी अष्टकोन व चौरस घेतले की कुटुंबच निराळे होते. आमचे सांगणे एवढेच की, या कलेत आजच्या काळासाठी घेण्याजोगे जर काही असेल तर ती पुसलेली रेघ होय. जो ती घेतो त्याला आजवर कोणी न काढलेली, तरी त्याच घराण्यातील नक्षी काढता येते. जो तयार तारा उचलतो त्याच्या हाती ताराच येतो, आणि पडदीची कड कोठे यावी हे त्याला कळत नाही.

परंतु आखणी ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी पदार्थात असते. कैरोच्या जुन्या घरांतील 'मश्रबिया' नावाचे लाकडी जाळीचे गवाक्ष घ्या. ईजिप्तात लांबरुंद लाकूड दुर्मिळ, आणि उन्हाने लाकूड आक्रसते. म्हणून तेथील सुतारांनी कातावर काढलेले लहान लहान गोल तुकडे खिळ्यावाचून एकमेकांत बसविले. प्रत्येक सांध्याला हलण्यापुरती जागा राहिली. तुकडे गोल असल्यामुळे त्यांवरून प्रकाश हळूहळू उतरतो, डोळ्यांस टोचत नाही. आतून रस्ता दिसतो, रस्त्यावरून आतले दिसत नाही. तेथे पाण्याची मडकी ठेवीत, त्यावरून येणारा वारा गार होई. नावाचा संबंधही पिण्याशीच आहे. हसन फथी या ईजिप्ती स्थपतीने गेल्या शतकात हे सर्व शास्त्रीय रीतीने समजावून सांगितले. आपल्याकडे औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबीच्या मकबऱ्यात थडग्याभोवती संगमरवरी जाळीचे अष्टकोनी कुंपण आहे. तेथेही नक्षीइतकेच काम दगडाच्या जाडीचे आहे, कारण तिरपे ऊन जाडीतच अडते. आमच्या स्नेह्यांच्या पडदीला जाडीच नव्हती. ती जाळी नव्हती, जाळीचे चित्र होते.

मश्रबियाचा सर्वांत गाजलेला आधुनिक अवतार पॅरिसच्या अरब जगत संस्थेच्या इमारतीत आहे. १९८७ साली पुरी झालेल्या या वास्तूच्या दक्षिण भिंतीवर झां नूव्हेल या स्थपतीने काच व धातू यांचे चौकोन बसविले. छायाचित्रकाच्या कॅमेऱ्यातील झडपेप्रमाणे उन्हाच्या मानाने उघडमीट करणारी लहानमोठी छिद्रे त्यांत आहेत. लांबून पाहता अलहंब्राची भिंत वाटावी, जवळून पाहता घड्याळाचे पोट. आम्हांस ही कल्पना मनापासून आवडते. नूव्हेलने तारा उचलला नाही; मश्रबिया हे प्रकाशाचे उपकरण आहे हे ओळखून तेवढेच घेतले. तरीही तक्रार आहे. जुनी जाळी कोणत्याही चालकावाचून, कोणी हात न लावता, आपले काम करी. हिला वीज लागते, दात्यांची चक्रे लागतात, आणि या यंत्रणेने पुढे अनेक वर्षे रुसून दाखविले. जुन्या कारागिराने अडचणीतून सोय काढली, नव्याने सोयीतून अडचण काढली, असे कोणी म्हटल्यास त्याला उत्तर देणे कठीण आहे.

मोठ्या वास्तूंपेक्षा घरगुती सामानातील प्रयत्न आम्हांस अधिक आशादायक वाटतात. बेरूत येथील नादा देब्स या लेबनानी रचनाकार स्त्रीचे बालपण जपानात गेले. दमास्कसच्या जुन्या पेट्या व खुर्च्यांवर शिंपल्याची जडण इंचभरही जागा मोकळी ठेवीत नसे. देब्सबाईंनी तीच जडण, तसल्याच कारागिरांच्या हातची, साध्या व मोकळ्या लाकडावर मोजकी ठेवली. कोऱ्या जागेला मान देण्याची ही वृत्ती जपानातून आली असावी, असा आमचा तर्क आहे. एका ताऱ्याभोवती हातभर रिकामे लाकूड असले म्हणजे तो तारा दिसू लागतो. आमच्या स्नेह्यांच्या दिवाणखान्यात एवढे तारे होते, की एकही दिसत नव्हता.

एका बाबतीत मात्र आम्ही आधुनिकांच्या उत्साहास स्पष्ट मर्यादा घालू इच्छितो, आणि ती अक्षरांची. रेखाकृती कोणाचीही नाही; अरबी सुलेखन मात्र, कितीही वेलबुट्टीसारखे दिसो, ते काही बोलत असते. १९९४ साली शानेल या फ्रेंच पेढीने स्त्रियांच्या पोशाखावर शोभेची म्हणून जी अक्षरे भरली ती कुराणातील निघाली, आणि पेढीस क्षमा मागावी लागली. १९९७ साली नाइकी कंपनीच्या बुटांवरील ज्वालेसारखी खूण अरबी लिपीतील 'अल्ला' या शब्दासारखी दिसते असा आक्षेप आला, आणि सुमारे ३८,००० जोड परत घ्यावे लागले. दोन्हीकडे द्वेष नव्हता असे धरून चालू. अज्ञान होते, आणि वाचता न येणारी लिपी ही केवळ नक्षीच, असा समज होता. देवनागरीतील एखाद्या अभंगाचे पायपुसणे झालेले आपण सहन करू काय?

राहिला कारागिराचा प्रश्न. येथे आमचे मत ठाम नाही हे कबूल करतो. मोरोक्कोतील फेज शहरी झेल्लिजचे कारागीर रंगीत कौलाचा एक एक तुकडा हातोडीने टिचून काढतात व ते तुकडे पालथे मांडून भिंतीचा तक्ता ओततात. असे काम मध्यम स्थितीच्या गृहस्थास परवडणार नाही, आणि त्याने छापील अभ्रा घेतला म्हणून त्याला अरसिक ठरविणे हा अन्याय होईल. यंत्राने नक्षी कापू नये असे आम्ही म्हणत नाही. यंत्राला आखणी पुरविणारा मनुष्य तरी त्या रेघा जाणणारा असावा, आणि त्याच्या जाणतेपणाचे मोल त्याला मिळावे, एवढे म्हणतो. आजकालच्या व्यवहारात तो मनुष्यच गाळला जातो, कारण तयार आकृती फुकट मिळते.

सूनबाईंना आम्ही कागदावर बहुभुज आखून दाखविले. त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात सुतार बोलावला आणि पडदी दोन बाजूंनी, ताऱ्यांच्या बरोबर मध्यावर, कापून घेतली. ती आता नऊ इंच अरुंद झाली आहे. भिंत आणि पडदी यांच्यामध्ये जी फट पडली तीत त्यांनी कोरफडीची कुंडी ठेवली आहे, आणि आमचे स्नेही, आम्ही गेलो की, त्या कुंडीकडे पाहून अजूनही थोडे कुरकुरतात.