पहिल्या हस्तलिखिताची परीक्षा

ज्याचे एकही पुस्तक निघालेले नाही, अशा लेखकाला महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेत कादंबरीचे हस्तलिखित पाठवता येते. तज्ज्ञ ते वाचतात. पसंत पडले तर प्रकाशनाला अनुदान मिळते. ही रूढ अर्थाने स्पर्धा नव्हे, पण निवड आहेच. आपल्यातील नव्या कादंबरीकाराने तिच्यात उतरावे का?

खरी अडचण भाषेची. देहूरोडसारख्या छावणीच्या गावात आपण घरी दखनी बोलतो, बाजारात मराठी. माझ्यासारखा शिक्षक वर्गात उर्दूतून शिकवतो आणि लिहितो मराठीत. परीक्षकाला कळावे म्हणून प्रत्येक 'खाला'पुढे कंसात 'मावशी' लिहीत गेलो, तर कादंबरीचे समाजपरिचयाचे माहितीपत्रक होते. सगळी पात्रे प्रमाण मराठी बोलू लागली, तर घरच हरवते.

इथे हमीद दलवाईंची 'इंधन' (१९६५) आठवते. त्यांच्या सामाजिक मतांशी कुणाचे मतभेद असोत. पण कोकणातल्या गावातला सलोखा कसा जळतो हे सांगताना त्यांनी ना आपल्यांना सांभाळून घेतले, ना परक्यांना खूश केले. म्हणून ती आजही वाचावी लागते.

तेव्हा हस्तलिखित जरूर पाठवावे. ओळखीपलीकडचा वाचक मिळणे हाच मोठा लाभ. मात्र परीक्षक डोळ्यांपुढे ठेवून लिहू नये. नकार आला, तर तो एका वाचनाचा निकाल समजावा. आपल्या बोलीचा नव्हे.