ओढून काढलेलं

अमूर्त कलेला पोर्तुगीजमध्ये ‘आर्ते अब्स्त्राता’ म्हणतात. जुन्या लेखनात त्यात एक मुका ‘क’ होता. १९९० च्या लेखनकरारानंतर तो गळला. मुळाशी लॅटिन क्रियापद आहे: ओढून बाजूला काढणं. त्याच घराण्यातला ‘अब्स्त्राइदु’ हा शब्द तंद्री लागलेल्या माणसाला लावतात. चावी, साबण, पगार, बटाटा आपण पोर्तुगीजांकडून घेतले. ‘अब्स्त्राता’ मात्र आला नाही, आणि मला त्याची उणीव भासते.

आपला ‘अमूर्त’ नकारापासून सुरू होतो. मूर्त नाही ते अमूर्त. त्यामुळे पाहणारा चित्रासमोर येताच नसलेलंच शोधू लागतो: यात माणूस कुठाय, झाड कुठाय? ‘ओढून काढलेलं’ म्हटलं की प्रश्न बदलतो. कशातून काढलं? मागे काय राहिलं?

चित्रकार प्रभाकर बरव्यांच्या चित्रांना तर हाच प्रश्न विचारावा लागतो. त्यांच्याकडे पान आहे, शिंपला आहे, घड्याळ आहे. ‘अमूर्त’ म्हणावं तर वस्तू स्पष्ट दिसतात. पण प्रत्येक वस्तू तिच्या रोजच्या जागेतून अलगद उचललेली असते आणि भोवतीची मोकळी जागा तिच्याइतकीच बोलते. ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात त्यांनी हा विचार मराठीतच केला, ही आपली फार मोठी मिळकत आहे. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तेही मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी.

दुसरे चित्रकार वासुदेव गायतोंडे, मूळ गोव्याच्या घराण्यातले, जन्म १९२४ चा, नागपूरचा. त्यांना ‘अमूर्त’ हे लेबल मान्य नव्हतं; आपलं काम वस्तुनिरपेक्ष आहे, असं ते सांगत. आणि तरी तो लॅटिन अर्थ त्यांच्या हातात होता. रंग लावायचा, रोलर फिरवायचा, सुरीने खरवडायचा, पुन्हा थर द्यायचा. वर्षाला मोजकीच चित्रं व्हायची. त्यांच्या चित्रात काढून घेतलेला रंगही दिसतो.

सानपाड्याहून हार्बर लाइनने सीएसएमटीला उतरून मी काळा घोड्याच्या दालनांत जातो, तेव्हा रोलरचे पोत भरपूर भेटतात. थर देणं आपल्या तरुण चित्रकारांना चांगलं जमलंय. काढणं फार थोड्यांना जमलंय. २०१५ मध्ये गायतोंड्यांचं एक चित्र एकोणतीस कोटींच्या वर गेलं, आणि तेव्हापासून त्यांच्या पृष्ठभागाची नक्कल जास्त डोळ्यांत भरते. उलट, शंकर पळशीकरांसारख्या शिक्षकाच्या जे. जे. कलाशाळेत घडलेले प्रभाकर कोलते आपल्या चित्रांत एका रंगाखाली दुसरे रंग झाकतात आणि थोडेसेच उघडे ठेवतात. त्या उघड्या तुकड्यांपाशी डोळा थांबतो, आणि माझी गाडी चुकते.