लांबचं टोक, जवळचं टोक : टेलिफोटो झूम निवडण्याविषयी

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही श्रोत्यांनी कळवलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने लेन्सच्या दुकानात शिरू नये. आम्हाला तसं वाटत नाही. पाम बीच मार्गाच्या कडेने, हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत, सकाळच्या वेळी कॅमेरेवाल्यांची जी रांग लागते, त्या रांगेत ज्ञानमीमांसेचे प्रश्न वर्गापेक्षा जास्त मोकळेपणाने निघतात. हा रंग खरा का? एवढं कापल्यावर फोटो उरला कुठे? हे तू पाहिलंस की तुझ्या लेन्सने पाहिलं? प्रश्न चांगले आहेत, पण त्यांचा शेवट मात्र नेहमी एकाच प्रश्नात होतो : कितीची आहे? चारशेची, सहाशेची की आठशेची?

आमची टीका या प्रश्नावर आहे. लेन्सविषयी जे लिहिलं-बोललं जातं ते जवळजवळ सगळं लांबच्या टोकाविषयी असतं. १५०-६०० म्हटलं की ६०० वर ती किती धारदार, ६०० वर फोकस किती चपळ, ६०० वर हात किती थरथरतो. मागे उरलेले १५० म्हणजे जणू दाराबाहेर काढलेली चप्पल. झूम लेन्स घ्यायची आणि तिचं एकच टोक वापरायचं, हा व्यवहार आम्हाला कळत नाही. आणि नवी मुंबईत तर तो नुसता पैशाचा तोटा नाही, त्याने आणखीही काही हातचं जातं. त्याकडे येऊच.

आधी आकडा म्हणजे काय ते बघू. ६०० मिलिमीटरच्या लेन्सने पक्षी जवळ येत नाही. तो तिथेच असतो. आपली नजर फक्त अरुंद होते. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ही लेन्स आडवं जेमतेम साडेतीन अंशांचं जग दाखवते. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, म्हणजे शेजारी शेजारी सात चंद्र, बस्स. आता नेरूळच्या पाणथळीत साठ मीटरवर एक लहान रोहित उभा आहे असं धरा. रोहित म्हणजे आपला फ्लेमिंगो, लहान जातीचा, उंची साधारण ८५ सेंटिमीटर. ६०० वर तो चौकटीच्या उंचीचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त भरेल. तोच दोनशे मीटरवर असेल तर एक दशांश. मग माणूस म्हणतो, आठशेची घेऊ. घ्या. दशांशाचा सप्तमांश होईल. त्या फरकासाठी काय मोजावं लागतं ते दुकानदार सांगेलच, पण एक गोष्ट तो सांगणार नाही.

ती गोष्ट प्रकाशाची आहे. केंद्रांतराला एफच्या आकड्याने भागलं की लेन्सच्या खिडकीची रुंदी मिळते, म्हणजे दूरच्या पक्ष्याकडून आलेला प्रकाश ज्या वाटेने आत शिरतो तिची. ६०० भागिले ६.३ म्हणजे ९५ मिलिमीटर. कॅननची २००-८०० ही २०२३ मध्ये आलेली लेन्स ८०० वर एफ ९ ची आहे. तिथे भागाकार येतो ८९. निकॉनची २००-५००, एफ ५.६, जी २०१५ पासून कितीतरी पक्षीवाल्यांच्या गळ्यात आहे, तिचाही ८९. म्हणजे त्याच जागी उभं राहिलात, तर आठशेची लेन्स त्या रोहिताकडून पाचशेच्या लेन्सइतकाच प्रकाश घेते. चित्र मोठं होतं, पण त्यात ओतायला प्रकाश तेवढाच. कॅननची १००-५००, एफ ७.१, सत्तरच मिलिमीटरची खिडकी ठेवते, म्हणून ती हलकी. फुकट काही मिळत नाही. आता दुकानात जाल तेव्हा हा भागाकार करा. जाहिरातीतला आकडा आणि भागाकारातला आकडा यांची जोडी लावली की बरंच धुकं निवळतं.

धुक्याचं नाव निघालंच आहे तर हवेबद्दल बोलू, कारण खरा अडथळा हवेचा आहे. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, ऊन चढतं, आणि नऊ-साडेनऊनंतर चिखलावरची हवा लहरू लागते. दोनशे मीटरवरच्या पक्ष्याची कडा विरघळते. लोक लेन्सला दोष देतात, परत करायला निघतात. आमच्या न्यायदर्शनात प्रत्यक्षाची व्याख्या करताना एक अट घातली आहे, की ते ज्ञान व्यभिचारी नसावं, फसवं नसावं. वात्स्यायन भाष्यात याला उदाहरण कुठलं देतो? उन्हाळ्यातली किरणं, जमिनीच्या उष्म्यात मिसळून थरथरणारी, आणि ती पाहणारा लांब उभा. त्याला पाणी दिसतं. म्हणजे इंद्रिय आणि वस्तू यांचा संबंध आलेला आहे, डोळा धड आहे, तरी ज्ञान चुकीचं. आणि लगेच पुढची अट, निश्चयाची. तिथे पुन्हा लांबचाच माणूस येतो, ज्याला समोरचा लोट धुराचा की धुळीचा ते ठरवता येत नाही. दोन्ही ठिकाणी मुद्दा अंतराचा आहे. बघा, भाष्यकाराने कधी टेलिफोटो पाहिली नव्हती, पण तिच्या मर्यादा त्याला माहीत होत्या. मधल्या हवेने जे बिघडवलं ते मोठं करून दाखवलं तर मोठा बिघाड दिसतो, दुसरं काही नाही.

यावर इलाज अंतर कमी करणं. म्हणजे चिखलात उतरून थव्याकडे चालत जाणं नव्हे. काही जण तसं करतात, थवा उडतो, आणि उडालेल्या थव्याचा फोटो स्पर्धेत जातो. आम्ही त्याला फोटोग्राफी म्हणत नाही. अंतर कमी करायचं काम भरती करते. खाडीत पाणी चढलं की रोहितांचं खाण्याचं मैदान बुडतं आणि ते विश्रांतीला आतल्या पाणथळींवर येतात : टी. एस. चाणक्यच्या मागे, एनआरआय वसाहतीशेजारी, डीपीएस तलावात. तुम्ही काठावर गप्प बसलात तर ते तुमच्याकडे येतात. आणि भरतीची वेळ काढायला कोळीवाड्यातला जुना हिशेब पुरतो : तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. ढोबळ आहे, पण दशमीला उजाडताना काठावर असावं एवढं त्यावरून नक्की ठरतं. तेव्हा हवा गार, ऊन पाठीमागून, कारण पाणी रस्त्याच्या पश्चिमेला आहे. पंचांग घरात असतंच. दोनशेचे साठ मीटर व्हायला आठशेची लेन्स लागत नाही, दशमी लागते.

आता चित्रांकडे वळू, कारण शेवटी टीका चित्रांची करायची असते, सामानाची नव्हे. नवी मुंबईच्या रोहितांची म्हणून जी चित्रं आपल्या मोबाइलवर येतात त्यांत एक ठरलेला साचा आहे. गुलाबी पंख, गुलाबी प्रतिबिंब, मागे मऊ निळसर काहीच-नाही. सुंदर असतात, आम्ही नाकारत नाही. पण ती कच्छची असू शकतात, आफ्रिकेतल्या एखाद्या सरोवराची असू शकतात. साठ मीटरवर ६०० ची चौकट ३.६ मीटर रुंद असते. एवढ्याशा जागेत दोन-तीन पक्षी मावतात. शहर मावत नाही, तलावाचा काठ मावत नाही, काठावरचा राडारोडा मावत नाही. चित्र बघणाऱ्याला वाटतं, हे पक्षी कुठल्याशा रानात सुखात आहेत. प्रत्येक पीस खरं, आणि एकूण विधान खोटं. खोटं बोलण्याची ही पद्धत फार सभ्य आहे, म्हणून ती ओळखू येत नाही.

दुसरा साचा याच्या उलट वाटतो, पण आहे त्याच जातीचा. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होडी निघते. होडीतून किनाऱ्याकडे लेन्स रोखली की पक्ष्यांच्या डोक्यावर इमारती चढून बसतात. याला लोक लेन्सचा दाब म्हणतात. दाब लेन्सचा नाही. लांब उभं राहिलं की पुढच्या-मागच्या वस्तूंच्या आकारांतला फरक कमी होतो, लेन्स फक्त तेवढा तुकडा कापून देते. पण कापताना ती इमारत ठेवत नाही, खिडक्यांची एक भिंत ठेवते. मग चित्राखाली ‘निसर्ग विरुद्ध विकास’ असं लिहिलं जातं. प्रत्यक्षात पक्षी आणि भिंत यांच्यामध्ये चिखल आहे, तिवरं आहेत, भरतीचं पाणी आत-बाहेर करणारे नाले आहेत. ज्या मधल्या पट्ट्यावर सगळं अवलंबून आहे तोच चित्रातून चपटा होऊन नाहीसा झाला.

तो पट्टा का दिसायला हवा? ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण नेरूळच्या या पाणथळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. पक्ष्यांना हद्द ठाऊक नाही. त्यांना खाण्याची जागा आणि बसण्याची जागा दोन्ही लागतात. २०२४ मध्ये डीपीएस तलावाच्या परिसरात रोहित मेलेले सापडले, आणि तलावात येणारं भरतीचं पाणी अडलं आहे ही तक्रार पर्यावरण कार्यकर्त्यांनी लावून धरली. अशा वेळी पंखांची नक्षी दाखवणारं चित्र काय उपयोगाचं? हवं असतं ते नाल्याचं तोंड, पाण्याची पातळी, पक्षी आणि मागची ओळखू येणारी इमारत एकाच चौकटीत दाखवणारं चित्र. साक्ष त्याला म्हणतात. आणि ते ६०० वर निघत नाही. साठ मीटरवर २०० ची चौकट जेमतेम अकरा मीटरची, १५० ची साडेचौदा, १०० ची साडेएकवीस. आता कळेल, आम्ही जवळच्या टोकाला इतकं का धरून बसलो आहोत.

लांबच्या टोकावर अन्याय नको. लहान रोहिताची चोच गडद लाल, मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी. ही ओळख लांबून लेन्सशिवाय पटत नाही. पायातल्या कड्यावरची अक्षरं वाचायची तर ६०० देखील कमी पडतात, आणि तसा एक वाचता येणारा फोटो अभ्यासकांना शंभर सुंदर फोटोंपेक्षा मोलाचा वाटतो. तिथे लांबचं टोक वापरावं, खुशाल वापरावं. आमचं म्हणणं इतकंच, की त्या टोकाने काय विचारायचं आहे ते आधी ठरलेलं असावं.

श्रोत्यांतून चिठ्ठी आली आहे : ‘सर, ते सगळं ठीक, पण घ्यायची कुठली?’ प्रश्न रास्त आहे, उत्तर देतो. वजनापासून सुरुवात करा. सोनीची २००-६०० आणि निकॉनची नवी १८०-६०० दोन किलोच्या आसपास. सिग्माची १५०-६०० ‘कंटेम्पररी’ जवळपास तेवढीच, तिचंच ‘स्पोर्ट्स’ नावाचं जुनं भावंड पावणेतीन किलोच्या वर. आमच्या सत्तरीतल्या खांद्याला हा फरक तत्त्वज्ञानाविना समजतो. होडीत तिवईचा उपयोग नाही, हातातच धरावी लागते. लेन्समधलं स्थिरीकरण आपला हात सावरतं, पक्ष्याचा पंख नाही; त्यासाठी सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी वेळ लागतो, आणि तिथे तो खिडकीचा भागाकार पुन्हा आठवतो.

मग आपल्याकडची दमट हवा. सोनी आणि निकॉनच्या वर सांगितलेल्या दोन लेन्स झूम करताना लांब होत नाहीत. सिग्मा, टॅमरॉन, निकॉनची २००-५०० या बाहेर सरकतात, आणि सरकताना हवा आत ओढतात. जूनमध्ये रोहित निघून जातात, लेन्स चार महिने कपाटात, आणि गणपतीत बाहेर काढावी तर आत बुरशीची जाळी. नवी मुंबईत लेन्सच्या किमतीत हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पुडी धरूनच हिशेब करावा. फोर्टात वापरलेली लेन्स घ्यायला गेलात तर मोबाइलचा दिवा मागून आत टाकून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

तरी एक नाव सांगाच म्हणाल, तर ज्याचा कॅमेरा कॅननचा मिररलेस आहे आणि ज्याला खाडी, तिवरं आणि चिखलातली निवटीसुद्धा हवी आहे, त्याने १००-५०० घ्यावी. ती १०० वर ९० सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, आणि पाचशेच्या पुढचं तिथीवर सोडावं. सोनी-निकॉनवाल्यांनी आपापली ६०० ची घ्यावी आणि सोबत पिशवीत एक साधी छोटी लेन्स ठेवावी. ज्याचं बजेट कमी त्याने जुनी सिग्मा १५०-६०० घेतली तरी कमीपणा नाही. तिचं १५० चं टोक निकॉनच्या २०० पेक्षा आम्हाला जास्त उपयोगी वाटतं. कर्नाळ्याच्या जंगलासाठी मात्र यातली कुठलीच नीट पुरणार नाही. तिथे पक्षी वीस मीटरवर असतो, पण गर्द सावलीत. त्याचा विचार वेगळा करावा लागेल.

घेण्याआधी दोन दिवस भाड्याने आणा. पहिल्या दिवशी झूमची कडी जवळच्या टोकावर ठेवा आणि ती न फिरवता तलावाकाठी दोन तास काढा. सुरुवातीला हात सारखा कडीकडे जाईल. नंतर काठावरची माणसं, दगडांचा भराव, पाण्याची रेघ दिसायला लागेल. दुसऱ्या दिवशी काय करायचं ते तुम्हाला सांगावं लागणार नाही. पुढची चिठ्ठी ड्रोनविषयी आहे, ती आपण पुढच्या वेळी घेऊ.