एका नक्षीदार पिस्तुलाचा काळनिर्णय

खर्ड्याच्या लढाईंत (११ मार्च १७९५) वापरलेलें म्हणून चकमकीचें एक नक्षीदार पिस्तूल आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं खंडेनवमीस पूजिलें जातें. त्यासंबंधींचें टिपण आम्हांकडे अभिप्रायार्थ आलें आहे. टिपणकारांचा सारा भर दस्त्यावरील चांदीच्या तारकामावर व नळीवरील कोफ्तगिरीवर आहे. आमच्या मतें प्रमाणांचा हा क्रमच उलटा होय. नक्षी केव्हांही करतां येते. आधीं कळ पाहिली पाहिजे.

कळीच्या पट्टीवर, मागील पायांवर उभा राहून मुकुट धरलेला सिंह कोरलेला आहे. हें ईस्ट इंडिया कंपनीचें चिन्ह. पूर्वीं कंपनीच्या कळींवर चार भाग पाडलेलें हृदय व त्यांत कंपनीच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें असत. सिंह आला तो १८०८ च्या सुमारास. म्हणजे ही कळ खर्ड्यानंतर निदान बारा-तेरा वर्षांची.

कळ मागाहून बदलली असेल, असें टिपणकार म्हणतात. शंका रास्त आहे. म्हणून आम्हीं मालकांच्या अनुमतीनें मळसूत्री खिळे काढून कळ उतरविली. लाकडांतील खांचा तिच्या अंगाबरोबर बसतात. कोठें ठिगळ नाहीं, बुजविलेलें जुनें भोंक नाहीं. नळीचा काना रंजकदाणीसमोर नेमका येतो. तेव्हां दस्त्याची साक्ष घ्यावयाची व कळीची टाकावयाची, हा अर्धजरतीय न्याय झाला.

पिस्तूल मात्र बनावट नव्हे. खैबरकडील कारागिरांनीं कंपनीच्या कळींच्या पुष्कळ नकला केल्या. त्यांत अक्षरें उलटीं वा भलत्या क्रमानें येतात, ठसा बोथट असतो. येथें सिंहाची आयाळही रेखीव आहे. खोट आहे ती अलंकारांत. कंपनीच्या घोडदळाचीं पिस्तुलें साधीं असत. आणि भिंगांतून पाहतां या नळीवर गंजाच्या खळग्यांच्या तळाशींही सोनें बसलेलें दिसतें. अर्थात् लोखंड आधीं गंजलें, मग सजलें. ज्या नक्षीवरून काळ ठरविला, तीच सर्वांत अर्वाचीन!

हें सांगतांच आमचे वृद्ध स्नेही बराच वेळ बोलले नाहींत. नंतर त्यांनीं पिस्तूल पुसून पूर्ववत् देव्हाऱ्याशेजारीं ठेविलें. त्यांच्या पूजेशीं आमचें भांडण नाहीं. टिपणही अवश्य छापावें, कारण मोजमापें व वर्णन काळजीपूर्वक केलेलें आहे. मात्र मथळ्यांतील ‘खर्डा’ हा शब्द गाळावा.