ग्लेनबो संग्रहालयातील ब्लॅकफूट दालन

संग्रहालयाची थोरवी सामान्यतः त्याच्या संचयावरून मोजली जाते. कॅनडातील कॅलगरी येथील ग्लेनबो संग्रहालयाने मात्र काय परत केले, हे आधी पाहावयास हवे. ब्लॅकफूट समाजाची पवित्र गाठोडी येथे दीर्घकाळ जतन केलेली होती. त्या समाजाच्या दृष्टीने ही गाठोडी सजीव आहेत. विधिपूर्वक ती एका धारकाकडून दुसऱ्याकडे जातात. वसंतातील पहिल्या मेघगर्जनेनंतर जे सोडावयाचे, ते फडताळात कायमचे बांधून ठेवणे याला जतन म्हणावे काय? १९९० पासून ग्लेनबोने अशी गाठोडी विधींसाठी उसनी देण्यास प्रारंभ केला. २००० साली अल्बर्टा प्रांताने कायदा केल्यावर २५१ पवित्र वस्तू ब्लॅकफूटांकडे परत गेल्या.

या विश्वासावरच २००१ चे 'नित्सितापीसिन्नी' दालन उभे राहिले. समाजातील ज्येष्ठांच्या सहभागाने सिद्ध झालेल्या या दालनाचे निवेदन 'आम्ही' असे बोलत असे, आणि ते शोभेपुरते नव्हते.

तथापि २००७ साली याच वास्तूत अल्बर्टाचा इतिहास ४८ धाडसी व्यक्तींच्या चरित्रांतून मांडण्यात आला. एकीकडे समाज, दुसरीकडे एकेकटा पुरुषार्थी. भूमी मात्र एकच! १८७७ चा सातवा करार शासनाने भूमिदान मानला, तर ब्लॅकफूट ज्येष्ठांच्या परंपरेत तो शांततेचा करार आहे. हा मतभेद दोन दालनांत विभागला की त्याची धार जाते. २०२१ मध्ये नूतनीकरणासाठी वास्तू बंद झाली. नव्या मांडणीत कराराचे हे दोन्ही अर्थ एकाच भिंतीवर, समोरासमोर यावयास हवेत.