बशीतले वर्तुळ आणि शेतातले बियाणे

शालेय विज्ञान प्रदर्शनांत आणि महाविद्यालयीन प्रकल्पांत एक प्रयोग आपल्याला वारंवार भेटतो. कडुनिंब, तुळस किंवा लसूण यांचा अर्क काढायचा, पेट्री बशीतील अगारवर बुरशी वाढवायची आणि अर्कात भिजवलेली कागदाची चकती मध्यभागी ठेवायची. चकतीभोवती बुरशी न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसले, की तक्त्यावर लिहायचे : 'या अर्काने धान्याच्या बियाण्यावरील बुरशीजन्य रोगांचे नियंत्रण होते.' प्रयोग स्वस्त आहे, सुबक आहे आणि विद्यार्थ्यांनी तो जरूर करावा. आमचा आक्षेप आहे तो निष्कर्षावर. बशीने एका छोट्या प्रश्नाचे उत्तर दिलेले असते. तक्त्यावर मात्र मोठ्या प्रश्नाचे उत्तर लिहिले जाते.

विषयाचे महत्त्व आम्हांला मान्यच आहे. 1971 साली इराकमध्ये पेरणीसाठी आलेल्या धान्याला पाऱ्याचे संयुग असलेले बुरशीनाशक चोळलेले होते. ते धान्य दळून लोकांनी भाकरी खाल्ली. सरकारी नोंदीनुसार 6,530 जण रुग्णालयांत दाखल झाले आणि त्यांपैकी 459 दगावले. बियाण्याला संरक्षण देणारे, पण माणसाला न मारणारे द्रव्य शोधणे हे मोलाचे काम आहे. म्हणूनच त्याचा पुरावा भक्कम हवा.

पहिला प्रश्न असा, की बुरशी बियाण्यात नेमकी असते कोठे? ज्वारीच्या दाणे काणीत रोगट कणसांतील काळी पूड मळणीच्या वेळी निरोगी दाण्यांना बाहेरून चिकटते. दाणा रुजला की तिच्यातील बीजाणूही रुजतात आणि कोवळ्या रोपात शिरतात. येथे दाण्यावर लावलेले द्रव्य उपयोगी पडू शकते. गव्हाच्या काजळीची (मोकळ्या काणीची) गोष्ट वेगळी. तिची बुरशी फुलोऱ्यातच शिरून दाण्याच्या भ्रूणात सुप्त राहते. बाहेरून लावलेला अर्क तेथवर पोहोचतो असे आधी दाखवावे लागेल. बशीत भ्रूण नसतो, दाण्याचे टरफलही नसते. तेव्हा या दोन रोगांतला फरक बशीला कळण्याचा मार्गच नाही.

दुसरा प्रश्न अर्काचा. अख्ख्या लसणाच्या पाकळीत ॲलिसिन जवळजवळ नसते. पाकळी ठेचली की तिच्यातील एक विकर दुसऱ्या पदार्थावर क्रिया करते आणि ते तयार होते. हे द्रव्य 1944 साली अमेरिकेत वेगळे करण्यात आले. ते अस्थिर असून उष्णतेने नष्ट होते. म्हणजे लसूण उकळून काढलेला काढा आणि ताज्या लसणाचा रस यांना एकच नाव देता येणार नाही. तरीही अनेक प्रकल्पांत 'लसणाचा अर्क' एवढेच लिहिलेले असते. पाला किती, पाणी किती, किती वेळ ठेवले, याची नोंद नसते. अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल, तर बुरशी पाल्याने मेली की अल्कोहोलने? नुसत्या अल्कोहोलची चकती शेजारी ठेवल्याशिवाय हे सांगता येत नाही.

याच्या तुलनेत दाणे काणीवरची रूढ शिफारस पाहा : 300 मेश गंधक, किलोमागे 4 ग्रॅम. गंधकही निसर्गातलेच आहे. त्याचे बळ त्याच्या नैसर्गिकपणात नाही. मोजलेल्या मात्रेत आणि शेतातील अनुभवात आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत जास्त विसरला जातो. बुरशी मेली, पण बी जगले का? अनेक वनस्पतींचे अर्क बियांची उगवणही रोखतात. बुरशी नसलेले, पण न उगवणारे बियाणे शेतकऱ्याच्या काय कामाचे? पावसाने दिलेली पेरणीची वेळ हुकली, तर ती परत येत नाही.

फ्रान्समधील बेनेदिक्त प्रेव्हो यांनी 1807 साली गव्हाच्या बंट या काणीवर्गीय रोगावर निबंध प्रसिद्ध केला. तांब्याच्या संपर्कात आलेल्या पाण्यात त्या रोगाचे बीजाणू रुजत नाहीत, हे त्यांना दिसले होते. पण तेवढ्यावर न थांबता त्यांनी मोरचुदाच्या द्रावणाची प्रक्रिया प्रत्यक्ष बियाण्यावर करून पाहिली. प्रदर्शनांतील प्रकल्पांत नेमकी हीच पायरी गाळली जाते.

ती शाळेतही घेता येईल. एकाच पोत्यातील ज्वारीचे शंभर-शंभर दाण्यांचे तीन गट करावेत : एक कोरडा, एक नुसत्या पाण्यात भिजवलेला, एक तितकाच वेळ अर्कात भिजवलेला. पाण्याचा गट अत्यावश्यक आहे, कारण नुसत्या भिजण्यानेही उगवण बदलते. दाणे ओल्या टीपकागदावर अंतराअंतराने मांडून झाकून ठेवावेत. सात दिवसांनी प्रत्येक गटात बुरशी आलेले किती आणि उगवलेले किती, असे दोन्ही आकडे लिहावेत. बुरशी हुंगू नये. काम झाल्यावर सर्व उकळत्या पाण्यात टाकून नष्ट करावे. बीजपरीक्षण प्रयोगशाळा 400 बिया तपासतात. म्हणून शक्य असेल तर प्रयोग चार वेळा करावा.

मग तक्त्यावर 'रोगांचे नियंत्रण होते' असे लिहिता येणार नाही. 'पाण्याच्या गटात इतक्या, अर्काच्या गटात इतक्या दाण्यांवर बुरशी आली. उगवले इतके' एवढेच लिहिता येईल. परीक्षकांनी अशा तक्त्याला अधिक गुण द्यावेत, अशी आमची शिक्षकांना विनंती आहे.