पाठीवरचे भरतकाम

जळगावहून गोव्याला गेलेल्या माणसाची पावले बहुधा बॉम जेझू बासिलिकेपाशीच थांबतात. थोडी चढण चढून, सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्याजवळच्या सांता मोनिका मठात मात्र आवर्जून जावे. सतराव्या शतकाच्या आरंभी धर्मभगिनींसाठी उभारलेला हा मठ. १८३४ मध्ये पोर्तुगालने धर्मसंघ बरखास्त केले आणि पुढे अखेरच्या भगिनीबरोबर येथील मठजीवन संपले. १९९४ साली राचोलच्या सेमिनरीत सुरू झालेले ख्रिस्ती कला संग्रहालय २००२ मध्ये या मठाच्या चर्चमध्ये आले. २०२२ पासून ते नव्या मांडणीत पाहावयास मिळते. जेथे प्रार्थना होत असे तेथेच प्रार्थनेची साधने पाहावयास मिळावीत, ही या वास्तूची मोठी कमाई.

चांदी आणि हस्तिदंत मागे टाकून आम्ही रेंगाळलो ते वस्त्रांपाशी. आम्ही कापसाच्या मुलखातले. नजर आधी धाग्याकडे जाणारच. येवल्याच्या पैठणीतला मोर विणतानाच कापडात उतरतो, रंगीत बाणे एकमेकांत अडकवून. युरोपातील टॅपेस्ट्री, म्हणजे विणलेले भित्तिपट, याच जातीचे. राफाएलच्या चित्रांवरून ब्रुसेल्समध्ये विणलेले भित्तिपट फेब्रुवारी २०२० मध्ये आठवडाभर सिस्टीन चॅपेलमध्ये पुन्हा लावले गेले. ते भिंतीसाठीच होते, म्हणून भिंतीवर शोभले. मिस्साच्या झग्याचे तसे नाही. त्यावरील जरीकाम रेशमावर टाक्यांनी चढविलेले, आणि तेही वाकणाऱ्या, गुडघे टेकणाऱ्या, हात उंचावणाऱ्या देहासाठी.

येथेच आमचा आक्षेप, आणि तो कोण्या एका संग्रहालयापुरता नाही. झगा काचेआड सपाट लागला की त्याचे चित्र होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या सुधारणांपूर्वी धर्मगुरू वेदीकडे तोंड करून मिस्सा अर्पण करीत. भाविकांना दिसे ती पाठ. कारागिराने पाठीवर जीव ओतला तो त्यामुळे. हे ठाऊक नसलेला प्रेक्षक नक्षी पाहून पुढे जातो. त्या पाठीपलीकडची वेदी त्याला दिसत नाही.

आणि तो कारागीर? १५६७ च्या गोवा प्रांतिक परिषदेने उपासनेच्या वस्तू बिगरख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली होती. मनाई करावी लागली, यावरूनच ते हात कोणाचे होते याची कल्पना यावी.

परतल्यावर आमच्या सॅक्रिस्टीतील जुने कपाट उघडून पाहिले. तळाशी उपवासकाळातला एक जांभळा झगा होता. पाठीवरचा जरीचा क्रूस काळवंडलेला. अस्तराला कोणीतरी साध्या सुती दोऱ्याने रफू केले होते. टाका मात्र अगदी बारीक.